खोटा ठरवलेला माल

सांगवीत राहणाऱ्या विजयश्रीची नोकरी चाकणला, गाड्यांचे सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत. बाहेरून येणारा माल तपासून आत घ्यायचा, हे तिचं काम. घरी मात्र तिचा जीव जुन्या सीडी प्लेअरमध्ये. गॅलरीला काचा बसवून तिने तिथेच टेबल मांडलं होतं. "आता कपडे वाळत घालायला शेजाऱ्यांची गॅलरी मागू का?" असं नवरा, गणराज, कुरकुरायचा आणि तिथेच तिला चहा आणून द्यायचा.

या जुन्या प्लेअरमध्ये एक चिप असते. सीडीवर गाणं आकड्यांत साठवलेलं असतं, त्या आकड्यांचा आवाज ती करते. ऐंशीच्या दशकातल्या काही चिपांच्या आवाजावर लोक अजून जीव टाकतात. त्या बनायच्या कधीच बंद झाल्या, म्हणून ऑनलाइन बाजारात खोट्यांचा सुळसुळाट. कुठलीतरी स्वस्त चिप घ्यायची, तिची वरची बाजू घासायची, काळा रंग द्यायचा आणि हवं ते नाव छापायचं. हौशी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा फोटो आला की शेवटचा शब्द विजयश्रीताईंचा. त्याचं तिला सुखही वाटायचं. कंपनीत तिचं कुणी इतकं ऐकत नव्हतं.

एका सकाळी कंपनीची बस मोशीपाशी अडकलेली असताना ग्रुपवर फोटो आला. कासारवाडीच्या कुणा भंगारवाल्याने त्या दुर्मीळ चिपा ऑनलाइन विकायला काढल्या होत्या. विजयश्रीने फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "खोट्या आहेत. इतक्या जुन्या चिपांचे पाय चकाकतायत, छपाई कोरी करकरीत, सगळ्यांवर एकच तारीख. घेऊ नका." बस हलली, तिने फोन पर्समध्ये टाकला.

तिचा तो निरोप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. ज्यांनी चिपा घेतल्या होत्या त्यांनी तक्रारी केल्या आणि वेबसाइटने विकणाऱ्याचं खातं बंद केलं. मध्येच तिला एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला होता. "मॅडम, मी उझ्मा. माल माझ्या अब्बांचा आहे. एकदा हातात घेऊन बघा, आम्ही कासारवाडीतच आहोत." खोटा माल विकणारे सगळे असंच म्हणतात, असं मनाशी म्हणून विजयश्रीने तो तसाच सोडून दिला.

पावसाळा सरला. वाकडचा प्रज्वल, ग्रुपमधलाच एक आयटीवाला, आपला बिघडलेला प्लेअर घेऊन तिच्याकडे आला. सोबत एक चिप होती.

"ताई, ही त्या कासारवाडीवाल्याचीच. परत करायची राहून गेली," तो हसत म्हणाला. "बसवून तर बघा. खोटी कशी वाजते ते ऐकू."

सवयीप्रमाणे तिने आधी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून चिपेवरून फिरवला. खोटा रंग असला की बोळा काळा होतो. तो पांढराच राहिला. तिने आणखी दाबून घासलं. एक अक्षरही हललं नाही. खालच्या बाजूचे साच्याचे खळगे तिने भिंगातून पाहिले, तेही जसेच्या तसे होते. मग चिप प्लेअरमध्ये बसवली आणि एक सीडी लावली. बासरी सुरू झाली आणि प्रज्वलचं हसू हळूहळू मावळलं.

"ताई, ही तर..."

"थांब," ती म्हणाली. "मला अजून एकदा बघू दे."

साहेबांची परवानगी घेऊन तिने कंपनीच्या एक्स-रे मशीनखाली ती चिप आणि स्वतःजवळची खात्रीची चिप शेजारी शेजारी ठेवली. आतून दोन्ही सारख्या होत्या. चिप खरी होती.

त्या दिवशी तिला डबा गेला नाही. चूक कुणाचीही होते, पण कंपनीत ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायची, नुसत्या फोटोवरून माल नाकारायचा नाही. आणि हा माल तिने बसमध्ये बसून फोटोवरूनच नाकारला होता. आणि त्या मुलीने हात जोडल्यासारखं बोलावलं, तेव्हा गेलीही नव्हती. रोजची बस कासारवाडीवरूनच जायची. आता तिथला उड्डाणपूल आला की ती फोनमध्ये डोकं घालायची. शेवटी गणराजच म्हणाला, "रविवारी आपण जाऊन येऊ. मी बाहेर थांबतो, बोलायचं तू."

रेल्वे स्टेशनच्या मागे उझ्माच्या अब्बांचं, नवाबचाचांचं दुकान होतं. जुन्या मोटरी, पंखे, तांब्याच्या तारांची भेंडोळी. चाचा साठीचे, शांत माणूस. तिने नाव सांगितलं, तेव्हा आत काम करणारी उझ्मा दारात येऊन उभी राहिली.

"चाचा, तुमचा माल खरा होता," विजयश्री म्हणाली. "मी न बघता खोटा म्हटलं. माझं चुकलं."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "खरा होता?"

"अगदी खरा."

"मग सगळ्यांवर एकच तारीख कशी?"

"एकाच वेळी बनलेल्या असतील. तुम्हाला कुठे मिळाल्या?"

"भोसरीत एक कारखाना बंद पडला, टेपरेकॉर्डर, सीडीचा. त्याचा स्टोअरचा माल मी लिलावात घेतला. चिपा भरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या सीलबंद होत्या, कुणी उघडल्याच नव्हत्या." ते जरा थांबले. "तुम्ही लिहिलं ते मुलीने वाचून दाखवलं. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, उगीच कशाला बोलेल. कारखान्यालाच कुणीतरी गंडवलं असणार आणि मी ते लोकांच्या गळ्यात मारलं. मग एकेकाला फोन करून पैसे परत केले. माफी मागितली. इतकी वर्षं धंद्यात आहे ताई, कुणाला खोटं दिलं नव्हतं. झोप लागायची नाही."

विजयश्रीला मान वर करवेना. भांडण होईल, शिव्या खाव्या लागतील, याची तयारी तिने केली होती. याची नव्हती.

"उरलेल्या चिपा कुठे आहेत?" तिने विचारलं. "मी स्वतः तपासून देते, माझ्या नावाने विका."

"नाहीत," उझ्माच बोलली. "खोटा माल घरात नको म्हणून अब्बांनी चिपांतलं सोनं काढणाऱ्याला किलोवर दिल्या. त्याने वितळवल्या."

चाचांनी पाना पुन्हा हातात घेतला. मग उझ्मा म्हणाली, "मी तुम्हाला मेसेज केला होता, मॅडम."

"वाचला होता मी," विजयश्री म्हणाली. न वाचल्याचं सांगणं सोपं होतं, पण ते तिच्याने झालं नाही.

घरी येऊन तिने सगळ्या ग्रुपवर आपली चूक नावानिशी लिहिली, त्या वेबसाइटलाही कळवलं. खातं काही पुन्हा सुरू झालं नाही. ग्रुपवाल्यांनी मात्र लगेच पोचपावती दिली. "होतं ताई", "मोठं मन लागतं कबूल करायला." ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांनी दिलेली ती माफी वाचून तिला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. उझ्मालाही तिने माफीचा मेसेज केला. उझ्माने तो पाहिला, उत्तर दिलं नाही. विजयश्रीने पुन्हा लिहिलं नाही.

काही दिवसांनी गणराज पंखा दुरुस्त करायला म्हणून चाचांकडे जाऊन आला. सांगत होता, चाचा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी शेजारच्या चहावाल्यालाही, सांगतात, "सांगवीच्या ताई स्वतः येऊन बोलून गेल्या. माल आपला खरा होता." सांगताना त्यांचा चेहरा अगदी खुलतो, म्हणे. चिपा गेल्याचं नावही काढत नाहीत.

"बरं वाटलं ना ऐकून?" गणराजने विचारलं.

विजयश्री नुसती हं म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बसली. टेबलावर प्लेअर उघडा पडला होता. बराच वेळ तिने त्याला हात लावला नाही.