आजोबांची न आठवणारी फायनल

आमच्या लंडनमधल्या पिनरच्या घरी शेजारचे फ्रेंच आजोबा डबा परत द्यायला आले. रिकामा डबा द्यायचा नसतो हे मीच त्यांना शिकवलेलं, म्हणून आत त्यांच्या बागेतले प्लम्स होते. सोफ्यावर झोपलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हा दुपारचा का झोपलाय?"

सकाळी मित्रांबरोबर फुटबॉल खेळताना त्याचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं होतं. "आय ॲम फाइन गं," म्हणत हा शूर शिपाई उरलेली मॅचही खेळून आला. आणि मी तरी काय दिवे लावले? टेंगळाला बाम चोळला, हळद-दूध पाजलं, वर "झोप जरा, बरं वाटेल" म्हटलं.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. नव्वदीचा माणूस, पण असे ओरडले की मांडीवरची तान्ही लेक दचकून रडायला लागली. "उठव त्याला! आत्ताच्या आत्ता!"

कसंबसं उठवलं. आजोबांनी वाकून विचारलं, "स्कोअर काय झाला?"

"अजून गेलोच नाहीये," नवरा जड जिभेनं म्हणाला. "माझे शूज कुठेयत?"

ॲम्ब्युलन्सला फोन करताना आकडे दिसेनात.

हॉस्पिटलमध्ये त्याला स्कॅनला नेलं. लेकीला छातीशी धरून मी बाहेर बाकावर बसले. आजोबा शेजारी बसले आणि माझा हात हातात घेऊन बोलायला लागले.

तरुणपणी ते फ्रान्समध्ये डिफेन्सला खेळायचे. पावसात चामड्याचा बॉल भिजून दगड व्हायचा आणि तो डोक्यानं परतवणं हेच यांचं काम. एका कप फायनलमध्ये सुरुवातीलाच डोक्याला मार बसला. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. कोणीतरी ओल्या स्पंजनं तोंड पुसलं, "ठीक?" विचारलं, हे "ठीक" म्हणाले. शेवटी यांच्याच गोलवर टीम जिंकली.

"असं सगळे सांगतात," आजोबा म्हणाले. "मला बसमधून उतरलेलं आठवतं, आणि मग हॉस्पिटलची खिडकी."

त्यांचं खेळणं लवकर सुटलं. मग कोच झाले, आधी तिकडे, नंतर इंग्लिश बायकोच्या मागे इकडे. डोक्याला लागलेल्या पोराला "बरा आहेस का" असं त्यांनी कधीच विचारलं नाही. स्कोअर विचारायचा, चुकला की बाहेर, मग तो स्टार का असेना. त्यापायी नोकऱ्याही गेल्या म्हणे.

मला इतका संताप आला! खड्ड्यात गेली तुमची फायनल, माझा नवरा मला धड परत पाहिजे, असं किंचाळावंसं वाटत होतं. पण त्यांचा हात मात्र मी सोडला नाही.

स्कॅनमध्ये कळलं, नवऱ्याच्या डोक्यात रक्त साचलं होतं. लगेच ऑपरेशन केलं. ते संपेपर्यंत मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल केलं, देव जाणे.

तो वाचला. आता पुन्हा बेसिंगस्टोकच्या ऑफिसला जातो, ट्रेनच्या नावानं पूर्वीसारखाच खडे फोडतो. मला मात्र तो दुपारी आडवा झाला तरी धस्स होतं.

त्या मॅचच्या आदल्याच वीकेंडला लेकीचं बारसं झालं होतं. परवा मी त्याला व्हिडिओ दाखवला. पाळण्याशी उभा राहून तो लेकीच्या इवल्याशा मुठीत बोट देतोय आणि घळाघळा रडतोय. त्यानं शेवटपर्यंत मन लावून बघितलं.

"छान झालं गं बारसं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "मी का रडत होतो?"