दहा टाइल्स

टाइल चांगली की वाईट हे लोक डोळ्यांनी ठरवतात आणि फसतात. रंग पाहतात, चकाकी पाहतात, बायकोने मान डोलावली की झालं. मी टाइल उलटी करते. मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब सोडते आणि तो किती वेळात जिरतो ते पाहते. पुढच्या बाजूवर किल्लीने ओरखडा काढून बघते. शेवटी टाइल बोटांवर तोलून तिला टिचकी मारते. खणखणीत वाजली तर आतून अखंड. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो.

हे सगळं मला अक्कांनी शिकवलं, आणि त्यांची नोकरी मी घालवली.

बोम्मसंद्रातल्या त्या छोट्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आम्ही दोघीच होतो. मी बेळगावकडची. अक्का इथल्याच, कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. मला त्या तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. कारखान्यात मराठी आम्हा दोघींनाच कळायची, त्यामुळे सुपरवायझरला त्याच्या तोंडावर नावं ठेवायची छान सोय होती. अक्कांच्या साठीला दोन वर्षं उरली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

आणि अक्कांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या वेळ मारून नेत. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरले. आवाजावर टाइल पारखणारी बाई बहिरी! त्या हसल्या.

"कान कशाला पायजे गं तंगी? बोटाला कळतंय. चांगली टाइल बोटात थरथरते. तडकलेली गप्प असते."

मी त्यांना मुद्दाम तडकलेल्या टाइल्स देऊन पाहिल्या, एकदाही चुकल्या नाहीत. हे कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी सांगणार नाही म्हटलं, आणि दीड वर्ष खरंच सांगितलं नाही.

मग एका बिल्डरकडून माल परत आला. खोक्याखोक्यांत केसाएवढे तडे. खोक्यावर टेबलाची चिठ्ठी असायची, बाईचं नाव नसायचं. सुपरवायझर म्हणाला, दोघींपैकी एक घरी जाईल, कोण ते तुम्हीच सांगा. तो माल माझ्या हातचा होता. त्या आठवड्यात मी निव्वळ पाट्या टाकत होते. चारातली एक टाइल वाजवायची आणि बाकीच्या तशाच खोक्यात सारायच्या. अक्कांनाही ते माहीत असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला भयंकर राग आला. मोठेपणा दाखवतायत म्हणून मी आतून धुमसत होते. मी सुपरवायझरला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांना ऐकू येत नाही.

त्याचा विश्वास बसेना. अक्कांसारखं काम कारखान्यात कुणाचं नाही, असं तो म्हणाला. तेव्हा परीक्षा घ्या, हेही मीच सुचवलं. अक्कांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मी मागे दहा टाइल्स वाजवायच्या, बद्द वाजली की त्यांनी हात वर करायचा. टाइल हातात मात्र द्यायची नाही, कारण हातात आली की तडा दिसतो. कारण किती सरळ होतं! सुपरवायझरला लगेच पटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर पॅकिंगच्या बायकाही जमल्या. सुपरवायझरने अक्कांना काय करायचं ते कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी त्याचे ओठ वाचले, मग माझ्याकडे पाहिलं, "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. मी लाकडी हातोडी घेतली आणि एकेक टाइल वाजवत गेले. तिसरी बद्द वाजली, सहावी बद्द, नववी बद्द. अक्का स्वस्थ उभ्या. दहावी झाल्यावर मी हातोडी खाली ठेवली.

तेव्हा अक्का भिंतीकडेच बघत मराठीत म्हणाल्या, "सुरू कर की गं तंगी. हात उठत नाही काय तुझा? मी स्वल्पसुद्धा रागवणार नाही."

काय म्हणतायत, सुपरवायझरने मला विचारलं. तिथे मराठी कळणारी मी एकटीच होते, काहीही सांगू शकले असते. मी शब्दन् शब्द कन्नडमध्ये सांगितला. पॅकिंगच्या बायका फिदीफिदी हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले.

मी अक्कांच्या खांद्याला हात लावला. त्या वळल्या, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्यांना कळलं. किती वाजवल्यास, असं त्यांनी विचारलं. मी दोन्ही हातांची बोटं दाखवली. त्यांत फुटक्या किती, म्हणाल्या. मी तीन बोटं दाखवली.

अक्कांनी टेबलावरच्या टाइल्सकडे पाहिलं.

"मग त्या तीन आत्ताच बाजूला काढ," त्या म्हणाल्या. "नाहीतर चांगल्या मालात जातील."