चौदा सायकली आणि एक रिकामा फुगा

दिल्लीला लोक लाल किल्ला बघायला जातात, नाहीतर अडकलेली फाईल सोडवायला. मी गेले मुलांना स्वतःबद्दल लिहायला शिकवायला. मयूर विहारच्या एका मराठी मंडळाच्या सचिवकाकांचा फोन आला होता: "रविवारी तीन तास द्या, आमच्या मुलांना मराठीत चार ओळी धड लिहिता येत नाहीत." मी नागपूरला पाचवी-सहावीला मराठी शिकवते आणि गेलं वर्षभर चित्रकथेतून अनुभवलेखन हे वेड डोक्यात घेतलंय. चार चौकटी आखायच्या, आपल्या बाबतीत खरं घडलेलं काहीतरी काढायचं, माणसांच्या तोंडी संवादाचे फुगे द्यायचे आणि मग त्यावरून परिच्छेद लिहायचा. शाळेत दोन कार्यशाळा बऱ्या झाल्या, तेवढ्यावर मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागले होते.

नागपूरहून रात्रीची गाडी घेतली की सकाळी निजामुद्दीन. फेब्रुवारीत जाणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका, फलाटावरच लागतो. मुक्काम धाकट्या भावाकडे, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. "जय भीम, ताई," म्हणत प्रशांतने बॅग घेतली. त्याची दहा वर्षांची सिया पाया पडली आणि गप्प उभी राहिली.

"ही बोलतच नाही गं," तो चहा ओतताना म्हणाला. "काही विचारलं की हो, नाही, ठीक. आणि शाळेत मॅडम सांगतात, बहुत बोलती है. मला वाटतं, दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल सांगतायत." हे तो हसत सांगत होता, पण त्याला ते लागलेलं होतं. "उद्या तुझ्याबरोबर ने. बोलत नाही तर नाही, लिहील तरी काहीतरी."

संध्याकाळी सरोजिनी नगरला राम लड्डू खाल्ले. नावावर जाऊ नका, मूगडाळीची भजी असतात, वर मुळ्याचा कीस आणि हिरवी चटणी. पन्नासेक रुपयांत पोट भरतं. "भैया, चटनी तेज़ रखना, मूली अलग से, पिछली बार आपने सब मिला दिया था!" सियाने गाडीवाल्याला चांगलंच झापलं. तिचा आवाज मी दिवसभरात पहिल्यांदा ऐकला. प्रशांत म्हणाला, "सिया, आत्याशी मराठीत बोल." ती भजी खात राहिली.

रविवारी आम्ही तिघांनी भिकाजी कामा स्टेशनहून मेट्रोची गुलाबी लाइन धरली. मयूर विहार फेज वनपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, पण रविवारीही बसायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका. सोसायटीच्या हॉलमध्ये भुजिया घातलेले पोहे झाले. सचिवकाकांनी फळ्यावर लिहिलं: 'फुग्यात फक्त मराठी.' मी त्याखाली ठळक रेघ ओढली. मग नमुना म्हणून माझी चित्रकथा दाखवली. आठव्या वर्षी मी सायकलसकट नालीत पडले होते, तो प्रसंग.

अर्ध्या तासात चौदा मुलांच्या चौदा सायकली नालीत पडल्या. मागे बसलेले पालक हळू आवाजात मदत करत होते: "नाली जरा मोठी काढ, मॅडमसारखी." नवव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, "तुला सायकल येते?"

"नहीं मॅम. पण मॉडेल आन्सर असंच आहे ना?"

सियाच्या कागदावरही सायकलच होती. माझी ही महान पद्धत गाईडबुकाच्याच वळणावर गेली होती. मी माझा नमुना फाडला, पालकांना चहाला बाहेर लॉनवर पाठवलं आणि मुलांना नवे कागद दिले. "जे कुणाला सांगायचं राहून गेलं, ते काढा."

सियाने मान वर न करता काढलं. पहिल्या चौकटीत लॅपटॉपसमोर बाबा. दुसरीत दप्तर पाठीवर घेऊन पळत आलेली ती: "पापा, पता है आज क्या हुआ!" तिसरीत बाबा: "मराठीत सांग." चौथीत तिच्या डोक्यावर भलामोठा फुगा, आत काहीच नाही.

मी पडले शिक्षिका. म्हटलं, "छान आहे, पण शेवटचा फुगा भर ना."

"भरलाय, आत्या. यही तो हुआ था."

आणि तिने फळ्याकडे पाहिलं. त्या नियमाखालची रेघ माझी होती. मला मनापासून लाज वाटली. मी उठून फळा पुसला. सचिवकाका म्हणाले, "अहो मॅडम, मग मंडळ कशासाठी चालवायचं?" प्रश्न रास्त होता.

शेवटी सगळे कागद दोरीवर चिमट्यांनी लावले आणि पालकांना आत बोलावलं. प्रशांत येता येता चार जणांशी थट्टा करत होता. मग सियाच्या कागदापाशी थांबला. दोनदा वाचलं त्याने.

"हिची शेवटची चौकट राहिली वाटतं," काका म्हणाले.

"नाही," प्रशांत म्हणाला. "पूर्ण आहे."

परतीच्या मेट्रोत आश्रम स्टेशन मागे पडलं. मग घरात हिंदीचा शब्द न चालवणारा माझा भाऊ खाली वाकून म्हणाला, "बेटा, उस दिन क्या हुआ था?"

सियाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग सुरू झाली. शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करताना ती ओळी विसरली, मनानेच काहीबाही बोलत सुटली आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या. हे तिने हातवारे करून, बाईंची नक्कल करून सांगितलं. मध्येच एकदा "बाबा, ऐका ना" असंही म्हणाली. ऐकता ऐकता उतरायचं भिकाजी कामा मागे गेलं आणि आम्ही पुढच्या मोती बागला पोहोचलो. तिथूनही घर चालत गाठता येतं, रिक्षावाल्याचं ऐकू नका.

नागपूरला परतून आठवडा झाला. मंडळाने फोटो पाठवलेत, त्यात सायकलीच जास्त सुबक दिसतात. सियाने रोज काय काय सांगितलं, ते प्रशांत मला फोनवर सांगतो. बहुतेक हिंदीत असतं, आणि आमच्या आईला ते आवडत नाही.

काल शाळेच्या कपाटातून मी गेल्या वर्षीच्या निबंधाच्या वह्या काढल्या. विषय होता 'माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग'. एका मुलीने लिहिलं होतं, "आई दवाखान्यातून परत आली नाही. आता पोळ्या मी करते."

खाली लाल शाईत माझा शेरा होता: 'छान. अक्षर सुधार.'