संत्र्याभोवतीचा बांध

केशोरीच्या शामकलानं लावलेलं झाड मरत नाही, तिच्या हाताला गुण आहे, असं गावात म्हणत. हाताला गुण-बिण काही नव्हता. कोणाला किती पाणी मानवतं, हे तिला ठाऊक होतं. न्हाणीचं पाणी केळीला, तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, आणि वालाचा वेल शेळीची मान पोचणार नाही अशा जागी. घरामागच्या सांदवाडीत तिनं एकही झाड उगाच लावलं नव्हतं.

एकोणीसशे एकतीसच्या पावसाळ्यात सासरे बकाराम नागपूरहून संत्र्याची दोन कलमं घेऊन आले. गावात संत्रं कोणाकडेच नव्हतं. बकारामनी तलावाचा गाळ आणून ती सांदवाडीत लावली आणि प्रत्येकाभोवती हातभर बांध घालून धानाच्या बांधीत भरतात तसं पाणी भरलं. शेजारीपाजारी बोलावून दाखवलंसुद्धा.

पंधरा दिवसांत एक कलम गेलं. दुसऱ्याची पानं पिवळी पडली, तर सासऱ्यांनी आणखी दोन घागरी ओतल्या. शामकलानं बुडातली माती उचलून हुंगली. कुबट वास आला. तिनं कुदळ आणली आणि बांध फोडला.

बकाराम पडवीतून धावत आले. "पाणी काऊन सोडलं?"

"मामाजी, हा धान नोहे. याचे पाय भिजत राहिले त सडते."

"चाळीस साल धान पिकवलो मी. अन् तू मले शिकवून राहिली?"

"बांधीत तुम्ही म्हणता तसंच रोवतो आम्ही. सांदवाडीतलं मले करू द्या."

"अन् मेलं त?"

"मरूनच त राहिलं. मेलं त गावाले माहं नाव सांगा."

"सांगीन! घरोघरी सांगीन!"

तिनं विटांचे तुकडे, रेती आणि जुनं शेणखत घालून उंचवटा केला. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असं ते उचलून त्यावर बसवलं आणि पावसाळाभर तांब्याभर पाणीही घातलं नाही. बकाराम रोज लांबून बघून जात. दसऱ्याला नवी पालवी फुटली.

पाचव्या वर्षी अकरा संत्री लागली. बकाराम ती धोतराच्या ओच्यात घेऊन खरंच घरोघरी गेले. "माह्या सुनेच्या हातची. शामकलाची," असं प्रत्येक दारात सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी आणखी एक कलम आणलं. कुदळीला मात्र हात लावला नाही. कलम धरून सांदवाडीत उभे राहिले.

"कुठं लावू, बाई?"

शामकलानं पदर खोचला.

"थांबा, मामाजी. आधी माती पाहू द्या."