बाईसाहेबांचा मालक कोण?

हे कुणाला सांगायचं नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तशी शपथ घातली होती. पण आमच्या गोठ्यातले किस्से शेणासारखे आहेत. रोज उचलले तरी सकाळी तेवढेच पडलेले असतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून वहीच्या मागच्या पानांवर लिहून टाकते.

आमचं घर ढोकीजवळ. गोठ्यात एकच गाय, लाल कंधारी. आबा सांगतात, ही जात पूर्वी कंधारच्या राजाची होती. दुसऱ्या कुणाला पाळायची परवानगीच नव्हती. आमचे पूर्वज फक्त त्या गाई राखायचे. राजा गेला, राज्य गेलं, गाय राहिली. "म्हणून आपण मालक न्हाय, राखणदार," हे आबांचं वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकते.

*

गायीचं नाव बाईसाहेब. आमच्या घरात आबा फक्त तिलाच 'अहो-जाहो' करतात. माझे वडील, म्हणजे दादा, उसाचा ट्रॅक्टर चालवतात. ते चाळिशीला आले, तरी आबांसाठी 'गाढवा'च.

एकदा दादा कारखान्यावरून थकून आले, तर बाईसाहेब दारातच बसलेल्या. दादांनी नुसता हात उगारला.

"उठवू नको. त्यांचं त्या उठतील," आबा म्हणाले.

दादा ट्रॉलीवर बसून जेवले. शेजारी शकीलचाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय रे, दरबार भरलाय व्हय? तुला आत बोलावणं न्हाय आलं?"

*

आमच्याकडे धार काढताना तीनच आचळं पिळतात. चौथं राजाचं! पूर्वी तो हिस्सा राजवाड्यावर जायचा म्हणे. आता राजा नाही, तर ते वासरानं प्यायचं, पण घरात घ्यायचं नाही. आधीच गाय दूध देते लिटर-दीड लिटर. त्यातलं थोडं डेअरीला जातं, उरलेलं आबांना आणि मला.

आई एकदा रिकामं पातेलं पालथं घालत म्हणाली, "राजा मरून इतकी वर्षं झाली, त्याचा रतीब काय बंद होईना. आन् माझा चहा रोज काळा."

आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा चहा काळा सुरू केला. चौथं आचळ तसंच राहिलं.

*

शाळेत परिसराचा इतिहास लिहायचा होता. मी गायीचं लिहिलं. वर्गाच्या बाईंनी वहीवर शेरा मारला : 'पुरावा जोडा.'

मी घरी सांगायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आबा गेटवर हजर, हातात कासरा, मागं बाईसाहेब. सगळी शाळा गोळा झाली. मी पाण्याच्या टाकीमागं लपले.

"शिंगापासून शेपटीपर्यंत एक रंग हाय का बघा," आबा बाईंना म्हणाले.

"आजोबा, पुरावा म्हणजे कागद लागतो. सही, शिक्का."

तेवढ्यात बाईसाहेबांनी ऑफिसच्या पायरीवर शेण टाकलं.

"घ्या," आबा म्हणाले, "शिक्का पण झाला!"

*

आता शपथेचा किस्सा. कानात बिल्ला नसेल तर जनावर बाजारात विकता येत नाही. त्यामुळं आबा बिल्ला मारूच देत नव्हते. पण पावसाळ्यात बाईसाहेबांना ताप आला, आणि बिल्ल्याची नोंद केल्याशिवाय औषध मिळेना. दादा कामावर होते. बिल्लेवाला माणूस उन्हातून आलेला, कंटाळलेला.

"मालकाचं नाव?"

"राजा," आबा म्हणाले.

"बरं. राजाचा मोबाइल नंबर सांगा. त्यावर ओटीपी येतो."

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "हिचं नाव घाला."

घरातला जुना मोबाइल शाळेच्या ग्रुपसाठी माझ्याकडं असतो. त्यावर सहा आकडे आले, मी वाचून दाखवले. माणूस गेल्यावर आबा म्हणाले, "नावाचं कुणाला सांगू नको, दादालासुद्धा. तुला माझी शपथ." मी कशाला सांगतेय!

*

आणि हा आजचा. जळकोटचा एक व्यापारी आलाय. टेम्पोत जर्सी गाय आहे, ती देऊन बाईसाहेबांना नेणार. दादा आठवडाभर म्हणतायत, "मी काय कसायाला देतोय का? दुसऱ्याच्या गोठ्यात सुखानं राहील. काळ्या चहावरून बायकोचं रोज ऐकून दमलो." आई फक्त जर्सीची कास बघतेय.

आबांनी भांडण केलं नाही. बाईसाहेबांच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "मालकाला विचारा."

"राजाला फोन लावा रे कुणीतरी," शकीलचाचा म्हणाले, आणि सगळे हसले.

व्यापाऱ्यानं बिल्ल्याचा नंबर मोबाइलमध्ये टाकला. मालकाचं नाव आलं. दादांनी ते मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा हळू वाचलं. नंतर कुणी हसलं नाही. मी आत पळाले ती इथं, वही घेऊन.

"नाव बदलायचा ओटीपी मालकाच्या नंबरवर गेलाय," व्यापारी सांगतोय.

मोबाइल या वहीखालीच आहे. सहा आकडे आलेत, पाठही झालेत. खिडकीतून आईचा चेहरा दिसतोय, आबांची पाठ दिसतेय. दादांनी दोनदा हाक मारली. मी ठरवलंय, बाहेर जायचं आणि ते आकडे सरळ—

"मालकीणबाई," आबांचा आवाज, "तुम्ही जरा बाहेर येता का?"