फीतवाले सर आणि दोन सारखे नकाशे

कॉलेजात मोजणी आणि नकाशा शिकवणाऱ्या सरांना सगळे फीतवाले सर म्हणत. एकतीस वर्षं त्यांच्या उजव्या खिशात स्टीलची फीत. लग्नाच्या फोटोतही खिसा फुगलेला दिसतो. बायको तो फोटो पाहुण्यांना पुरावा म्हणून दाखवते. दर वर्षी पहिल्या तासाला सरांचं एकच सांगणं असे, "एकट्यानं फीत धरायची नाही. एकानं शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्यानं आकडा वाचायचा. एकटा मोजायला गेला की फितीला झोळ पडतो आणि घर वाकडं उभं राहतं."

पुढे परीक्षा घरबसल्या, संगणकावर होऊ लागल्या. पहिल्याच परीक्षेत शेहेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी तिसऱ्या प्रश्नात एकच चूक केली, अगदी एकाच ओळीत. पूर्वीचे सर असते तर वर्ग डोक्यावर घेतला असता. या वेळी त्यांनी पेपर मिटले आणि चहा प्यायले. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात आपला वाटत नाही ना, तसं आत कुठेतरी झालं होतं.

"अहो, ओरडा तरी," बायको म्हणाली. "टेबल आपटायचात पूर्वी. ते टेबलही आता वाट बघून कंटाळलं असेल."

"कुणावर ओरडू? पडद्यावर चौकोन असतात. काळे."

पण माणूस मुळात कामाचा. त्यांनी डोकं लढवलं आणि पुढच्या परीक्षेला एकच प्रश्न घातला: आपापलं स्वयंपाकघर मोजा, नकाशा काढा, दोन तासांत फोटो पाठवा. नंतर प्रत्येकाला पाच मिनिटं फोन. आता दुसऱ्याचं स्वयंपाकघर कोण उतरवणार? विभागप्रमुख बाई खूश झाल्या. "यात जो सापडेल त्याला शून्य. वर्ष गेलं त्याचं. यादी सोमवारी पाचपर्यंत द्या."

चव्वेचाळीस नकाशे चव्वेचाळीस तऱ्हांचे आले. एकाच्या नकाशात ओट्यावर मांजरही होतं, मापासकट. उरलेले दोन मात्र जुळे. एक मुलीचा, एक मुलाचा, आडनावं वेगळी. भिंती त्याच, खिडकी तीच, आणि चूकही तीच. खिडकीच्या भिंतीचे तीन तुकडे मोजले होते, त्यांची बेरीज अख्ख्या भिंतीच्या मापापेक्षा चार इंच जास्त. दोन्हीकडे बरोबर चार.

सरांनी यादीत दोन नावं लिहिली. पेन अडखळलं नाही. या दोघांचे फोन तेवढे बाकी होते, म्हणून सोमवारी दुपारी चार वाजता ते फोनला बसले. आधी मुलगी.

"स्वयंपाकघर कुणाचं उतरवलंस?"

"आमचंच, सर."

"मग ते त्या मुलाच्या घरात कसं गेलं?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. "सर, ते माझे दीर आहेत. हजेरीत माझं नाव माहेरच्या आडनावानं आहे. घर एकच, ओटाही एकच."

"म्हणजे एकानं मोजलं, दुसऱ्यानं उतरवलं."

"नाही, सर. तुम्हीच सांगितलं होतं ना, एकट्यानं फीत धरायची नाही. मी शून्याचं टोक धरलं, भावजींनी आकडे वाचले. नकाशे वेगवेगळ्या खोल्यांत बसून काढले."

मागून दिराचा आवाज आला, "वहिनी, सांग, तूच टोक धरताना शिंकलीस!"

"तुम्ही गप्प बसा हो, इथं वर्ष चाललंय!"

सरांनी यादी पालथी घातली. मग विचारलं, "फितीचं टोक बघ. कसं आहे?"

ती गेली, आली. "तुटलंय, सर. एक आणि दोन दिसतच नाहीत. तिनापासून सुरू होते."

सरांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडलं. टोकाचे दोन इंच गेलेले. म्हणजे प्रत्येक माप दोननं वाढीव. तीन तुकड्यांचे सहा जास्त, अख्ख्या भिंतीचे दोन जास्त. फरक चार. हिशेब चोख बसला. एकतीस वर्षं आपणच शिकवलेलं दोघांनी जसंच्या तसं केलं होतं, आणि त्याबद्दल आपण त्यांचं वर्ष घ्यायला निघालो होतो.

त्यांनी वाट पाहिली, आत काही हलेल म्हणून. हललं नाही. साडेचार वाजले होते.

"दोन गुण कापतोय," ते म्हणाले. "दोघांचे. मोजण्याआधी टोक तपासलं नाहीत."

"आणि वर्ष?"

"वर्ष आहे जागेवर. फीत नवी आणा."

पलीकडे फोन तसाच चालू राहिला. दीर ओरडला, वहिनी हसली की रडली ते कळेना. सरांनी ते थोडा वेळ ऐकलं आणि फोन ठेवला.

विभागप्रमुख बाईंना त्यांनी कोरी यादी पाठवली. बाईंचा लगेच फोन. "एकही नाही? सर, खात्री आहे?"

"मोजून सांगतोय."

बायकोनं दारातून विचारलं, "ओरडलात का शेवटी?"

"दोन गुण कापले."

"काय मेलं धाडस!"

सर पुढच्या परीक्षेचा कागद घेऊन बसले. "स्वतः मोजा" याच्या खाली त्यांनी एक ओळ वाढवली: फितीचं दुसरं टोक कुणी धरलं, त्याचं नाव आणि नातं लिहा. मग खिशातली फीत काढून तिचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. शून्य होतं. तरी ते बराच वेळ बघत राहिले.