नोटेड

लखनौच्या मानक नगरमधल्या आमच्या सरकारी कॉलनीत दुरुस्तीचे अर्ज घ्यायला खिडकीमागे एक बाबूजी बसत. नळ गळो की भिंत फुगो, ते अर्ज वाचून अदबीनं म्हणत, "नोटेड, साहब." कोशात या शब्दाचा अर्थ काहीही असो, लखनौत तो 'आता घरी जा' असा आहे.

एकदा माझा गळक्या छताचा अर्ज घेऊन ठेवला आणि ते उठले, बाहेर माझ्या शेजारी आले आणि खिडकीतून स्वतःचा अर्ज आत सरकवला. त्यांच्याही क्वार्टरचं छत गळत होतं. मग आत जाऊन बसले, चष्मा पुसून तो अर्ज शेवटपर्यंत वाचला, "नोटेड" म्हणाले आणि माझ्या अर्जाखाली ठेवला.

तेव्हापासून त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप मी कुणाला करू देत नाही. माझ्या छताखाली बादली आहे, त्यांच्याही.